उघड्या कानांचे नाना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी मनातल्या मनात आईवडिलांच्या पायांना हात लावतो आणि नाव नानांचं सांगतो. आईवडिलांनी मला वाढवलं, पण मूल झालं की ते वाढवावंच लागतं. नानांना माझ्यासाठी काही करण्याचं कुठलंच कारण नव्हतं. मी त्यांच्या नात्यातला नाही, ओळखीतला नाही, आणि पहिल्या दिवशी तर मी त्यांच्या जनरेटरच्या हवेच्या जाळीला पाठ लावून उभा राहिलो होतो.

नाना देवासच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॉवर हाउसचे इनचार्ज होते. त्यांना रीतसर नाव-आडनाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी बाहेर यायचं. एरवी मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते नाना. घराणं धाकट्या पातीच्या दरबारातलं. देवासात पूर्वी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोघेही एकाच गावात. नानांच्या वाट्याला त्या वैभवातली फक्त ऐट आली होती. पॉवर हाउसमधल्या दोन डिझेल जनरेटरना त्यांनी तीच नावं दिली होती. मोठा तो थोरली, लहान तो धाकटी. मोठा बंद पडला की त्यांना मनापासून वाईट वाटायचं नाही. "थोरल्या पातीला पहिल्यापासून आळस," म्हणायचे, "धाकटीला लावा."

मी कन्नौदचा. वडील तिथल्या धान्यमंडीत तोलाईचं काम करत. आजोबा खानदेशातून इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी होती, पण तिच्यात हिंदी आणि माळवी इतकी मिसळली होती की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर आई गप्पच बसायची. शाळा सगळी हिंदीत. बारावीनंतर आयटीआय केलं आणि देवासच्या या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. आमच्या घरातलं तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढेन असं मला तरी वाटत नव्हतं.

जनरेटर चालू असताना त्या हॉलमध्ये माणसाला माणसाचा आवाज ऐकू येत नाही. छातीतली धडधड आपली की इंजिनाची, हेसुद्धा कळत नाही. त्या वर्षांत वीज रोज जायची, आणि वीज गेली की साच्यातलं प्लास्टिक गोठायला लागायचं, म्हणून इंजिन ताबडतोब लागत असे. मी पहिल्यांदा आत पाय टाकला तेव्हा थोरली चालू होती. एक उंच, गोरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या गळ्यात दोरी होती आणि दोरीला शाळेतली दगडी पाटी. त्यांनी माझा दंड धरून मला जाळीपासून बाजूला ओढलं आणि पाटीवर लिहिलं, "जाळी सोडा. इंजिनालाही श्वास लागतो."

मग पाटी पुसून लिहिलं, "नाव?"

मी नाव लिहिलं. त्यांनी आडनावाकडे बघून लिहिलं, "मराठी?"

मी लिहिलं, "हाँ."

त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "मग हो म्हण."

ती पाटी म्हणजे त्यांची बोलण्याची रीत होती. बाकीच्या कारखान्यांत लोक हातवारे करतात, टॉर्च दाखवतात, शिट्ट्या मारतात. नानांना हातवारे आवडत नसत. "आपण माणसं आहोत, सिग्नल नाही," म्हणायचे. त्यांनी प्रत्येक ऑपरेटरला एकेक पाटी दिली होती, आणि पाटीवर तुटक लिहिलेलं त्यांना चालत नसे. एकदा रेडिएटरमधून वाफ यायला लागली. मी घाबरून पाटीवर लिहिलं, "रेडिएटर में पानी कम आहे." नानांनी पाटी माझ्या हातातून घेतली, बोळ्याने स्वच्छ पुसली आणि सावकाश लिहिलं, "रेडिएटरमध्ये पाणी कमी आहे." मला दाखवलं. मी मान हलवल्यावरच ते बादली घेऊन धावले. आज मी हे जे मराठी लिहितो आहे ते असं, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं अशा जागी शिकलेलं आहे.

वीज असली की पॉवर हाउसमध्ये काम थोडं असे. इतर ऑपरेटर पत्ते खेळत. नानांनी माझ्यासाठी वेगळा नियम केला. लाइट आहे तोवर पुस्तक, लाइट गेली की इंजिन. बी.एस्सी.चा प्रायव्हेट फॉर्म त्यांनीच आणून माझ्यापुढे ठेवला होता. मी म्हणालो, "नाना, आमच्यात कुणी इतकं शिकलेलं नाही."

"आमच्यात कुणी डिझेलमध्ये हात घातला नव्हता," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांना दुधाचा पेला उचलायला नोकर लागायचा. सगळ्यांनीच घराणं चालवलं तर जग कोण चालवणार? भर फॉर्म."

मी फिजिक्समधला ध्वनीचा धडा वाचत असलो की ते मागे उभे राहून वाचत आणि मधेच बोट ठेवून म्हणत, "हे खोटं आहे." काय खोटं आहे ते मात्र कधी सांगितलं नाही.

कानांबद्दल ते फार कडक होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कानांबद्दल. पॉवर हाउसच्या दारात खुर्ची टाकून बसत, मांडीवर कानात घालायच्या बोळ्यांचा डबा. आत जाणाऱ्याने वाकून कान पुढे करायचे, देवळात तीर्थाला हात पुढे करतात तसे. बोळे घातल्यावर वरून मोठे हेडफोनसारखे कानझाक. माझं कानझाक सैल आहे असं वाटलं की ते चालू कामात मागून येऊन दोन्ही हातांनी दाबून बसवत. कुणी बोळ्यांशिवाय आत सापडला तर शिक्षा ठरलेली होती. दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. फोर्कलिफ्ट चालवणारे एक माळवी भिया, म्हणजे भाऊ, होते, ते मुद्दाम बोळे विसरत, कारण त्यांना गायला आवडायचं.

"नाना, म्हने तो वेसे ई कम सुणाय," भिया म्हणायचे. म्हणजे मला तसंही कमीच ऐकू येतं.

"तभी तो कह रिया हूँ भिया," नाना डबा पुढे करत, "जित्ता बचा है उत्ता तो बचा ले."

आणि हे सगळं करणारे नाना स्वतः मात्र उघड्या कानांनी आत जात. ना बोळे, ना कानझाक. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मी एकदा विचारलं, "तुम्ही का घालत नाही?"

"डॉक्टर नाडी हातमोजे घालून बघतो का?"

"आता बघतात नाना."

"म्हणून तर रोग सापडत नाहीत."

त्यांना स्वतःच्या कानांचा अभिमान होता, आणि त्याचं कारण इंजिन नव्हतं. देवास हे गाण्याचं गाव. नानांच्या घरी गाणं पिढ्यान्‌पिढ्या, आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरी गाण्याचा क्लास घेत. नाना स्वतः गात नसत. "आवाज देवाने दिला नाही, कान दिले," म्हणत. दर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गावातले गाणारे-ऐकणारे एका हॉलमध्ये जमत. तिथे गाणाऱ्यांचे तंबोरे लावायचं काम नानांचं. कुणी नेमलं नव्हतं, पण दुसरं कुणी तंबोऱ्याला हात लावत नसे. सगळे पोहे खात असताना नाना कोपऱ्यात तंबोरा मांडीशी घेऊन बसत. तारांखाली सुताचे बारीक दोरे सरकवत, केसभर इकडे, केसभर तिकडे. त्या दोऱ्यावर तंबोऱ्याचा गोडवा असतो, त्याला जवारी म्हणतात, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की आमचे नाना रविवारी कसलंतरी वेगळं मशीन दुरुस्त करतात.

नानांचा आवाज मोठा होता आणि वर्षागणिक मोठा होत चालला होता. कारखान्यात ते खपून जायचं. पण ते कुणाला गुपित सांगायला लागले की मजा यायची. एकदा मॅनेजरसाहेबांची बदली होणार असल्याची बातमी त्यांना कुठूनतरी लागली. कँटीनमध्ये मला जवळ ओढून, तोंडाशी हात धरून त्यांनी कुजबुजल्यासारखं सांगितलं, "कुणाला सांगू नकोस, साहेब जातायत." पलीकडच्या टेबलावर साहेबच जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "कहाँ जा रहा हूँ नाना, ये भी बता दो." सगळी कँटीन हसली. नानाही हसले, पण साहेब काय म्हणाले ते त्यांना कळलं नव्हतं हे मला दिसलं. सगळे हसतात म्हणून ते हसत होते.

त्यानंतर मला इतर गोष्टीही दिसू लागल्या. धाकटीच्या गॅसकेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. आम्हा सगळ्यांना बोळे घालूनही तो टोचत होता. नानांनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि पाटीवर लिहिलं, "प्रकृती उत्तम." ऑपरेटर एकमेकांकडे बघून हसले. त्यांना वाटलं नाना चेष्टा करतायत.

वर्षातून एकदा कंपनीत कान तपासायची गाडी येई. गाडीत एक छोटी बंद खोली, तिला काच. काचेपलीकडे एक बाई बटणं दाबणार, आत बसलेल्याच्या कानात बारीक आवाज येणार, आवाज आला की त्याने बोट वर करायचं. ज्याचे कान बिघडलेले निघतील त्याला पॉवर हाउसमधून काढून स्टोअरमध्ये देणार, असा नियम होता. नानांची निवृत्ती अजून दोनेक वर्षं लांब होती. स्टोअर म्हणजे त्यांना तुरुंगच. त्या दिवशी ते गाडीतून हसत उतरले. कान पहिल्या प्रतीचे निघाले होते. त्यांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली आणि मला बाजूला घेऊन, नेहमीच्या कुजबुजीने, अर्ध्या कारखान्याला सांगितलं, "त्या बाईच्या हातात बांगड्या आहेत. बटण दाबलं की बांगड्या हलतात. बांगड्या हलल्या की मी बोट वर करतो." मी हसलो. त्यांचं कौतुकच वाटलं मला.

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा नानांनी पेढे वाटले नाहीत. म्हणाले, "रविवारी गाण्याला चल. पदवीधर माणसाला गाणं ऐकता आलं पाहिजे."

मी नवा शर्ट घालून गेलो. लोक चाळीसपन्नास, सगळे मराठी, सगळे एकमेकांना ओळखणारे. वयस्क मंडळी एकमेकांना अगदी जुन्या मराठीत "आपण बसावं, आपण घ्यावं" म्हणत होती. मी नानांच्या शेजारी पहिल्याच रांगेत मांडी घालून बसलो. काकू गायला बसल्या. मागे दोन विद्यार्थिनींनी तंबोरे छेडायला सुरुवात केली.

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण आवाजातलं कळत होतं, कारण नानांनीच शिकवलं होतं. त्या तंबोऱ्यांतून येणारा आवाज मला ओळखीचा वाटला. जनरेटरच्या झाकणाचा स्क्रू सैल झाला की पत्रा असाच झणझणतो. मला वाटलं, नानांना हे सांगितलं तर ते खूश होतील, पोराने कान लावला म्हणतील. मी त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणालो, "नाना, याचा पत्रा सैल आहे का?"

त्यांना ऐकू गेलं नाही. "काय?" ते त्यांच्या आवाजात म्हणाले.

काकू थांबल्या. आता सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. गप्प बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी जरा मोठ्याने सांगितलं, "तंबोऱ्याचा पत्रा सैल झालाय. झणझणतोय."

माझ्या बाजूच्या वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मागच्या एका काकूंना एकदम खोकला आला. नानांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रत्येकाने मान खाली घातली. तेव्हा मला कळलं की मी आणि नाना सोडून हे सगळ्यांना माहीत होतं.

काकू उठल्या. त्यांनी दोन्ही तंबोरे जवळ घेतले, तारांखालचे दोरे किंचित सरकवले आणि परत जागेवर बसल्या. मुलींनी पुन्हा छेडलं तेव्हा पत्रा गेला होता. जे आलं त्याचं वर्णन मला करता येणार नाही. नानांनी हात लांबवून तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळवा टेकवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच ठेवला.

घरी परतताना आम्ही तिघं टेकडीच्या बाजूच्या रस्त्याने चालत होतो. मग नानांनी विचारलं, "कधीपासून?"

"गणपतीपासून," काकू म्हणाल्या. तेव्हा होळी जवळ आली होती.

"आणि सगळे असेच गात होते? त्या पत्र्यावर?"

"हो."

"एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही लावलेले तंबोरे," काकू म्हणाल्या. "त्यांना हात कोण लावणार?"

मग माझ्या पाठीवर एक जोरदार थाप बसली. "साऱ्या देवासात एकच गाढव निघालं खरं बोलणारं," ते म्हणाले, "आणि तेही माझंच."

सोमवारी पॉवर हाउसमध्ये त्यांनी पाटीवर लिहिलं, "इंदूरला जायचं आहे. तू चल." गाडीतली ती बाई इंदूरच्या एका दवाखान्यात बसत असे. तिने नानांना लगेच ओळखलं. "अंकलजी आप? आपके कान तो फर्स्ट क्लास थे."

"फर्स्ट क्लास तुम्हारी चूड़ियाँ थीं बेटा," नाना म्हणाले. बंद खोलीत गेल्यावर त्यांनी स्टूल फिरवलं आणि काचेकडे पाठ करून बसले.

मी बाईच्या शेजारी उभा होतो. ती बटण दाबत होती, कागदावर खूण करत होती, पुन्हा दाबत होती. सुरुवातीच्या जाड आवाजांना नानांचं बोट वर गेलं. मग ती बारीक आवाजांकडे सरकली आणि बोट मांडीवर पडून राहिलं. ती आवाज वाढवत गेली. मला बाहेर, काचेतून, तो आवाज पुसट ऐकू यायला लागला. नानांची पाठ ताठ होती, शाळेतल्या हुशार मुलासारखी. बऱ्याच वेळाने त्यांनी मान न वळवता मोठ्याने विचारलं, "सुरू करा की बाई. मी कधीचा बसलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, "चालू ठेवा."

तिने नंतर समजावून सांगितलं. इंजिनाच्या आवाजाने कानातल्या बारीक पेशी झिजतात, त्या परत येत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. तंबोऱ्यातली चमक त्याच आवाजांत असते. नानांना ती ऐकू येत नव्हती, म्हणून ती ऐकू येईपर्यंत ते दोरा सरकवत राहायचे, आणि तोवर इतरांच्या कानात पत्रा वाजायला लागलेला असायचा. बोलण्यातलीही तीच गत. आवाज येतो, शब्द उमटत नाहीत. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं, म्हणजे तिच्या ओठांकडे बघत ऐकलं, आणि विचारलं, "आणि या पोराचे?"

माझेही कान तपासले. ते ठीक निघाले. नाना इतके खूश झाले की बाहेर पडल्यावर दोन प्लेट पोहे सांगितले, वर सेव आणि जिरावण मसाला दुप्पट, आणि दुकानदाराला कारण नसताना सांगितलं, "लड़के के कान एकदम साबूत हैं."

ते स्वतःहून स्टोअरमध्ये गेले. तिथे नीट बसले मात्र नाहीत. रोज मॅनेजरच्या दारात जाऊन उभे राहायचे. जनरेटरना आवाज कोंडून ठेवणारी पेटी बसवा, म्हणायचे. नवे साहेब खर्चाचं कारण सांगत. नाना म्हणत, "काय? ऐकू आलं नाही," आणि उभेच राहत. हे अस्त्र त्यांनी इतकं वापरलं की शेवटी पेट्या आल्या. मी नोकरी करता करता सुरक्षेचा डिप्लोमा केला, त्याच कारखान्यात सेफ्टीचं काम बघू लागलो. आज थोरली चालू असली तरी हॉलच्या दारात उभं राहून बोलता येतं.

नाना निवृत्त झाले आणि धारला गेले. तिथे काकूंचं माहेरचं घर आहे, मुलगीही जवळच. काकूंनी तिथेही क्लास सुरू केला. कानाचं यंत्र नानांनी इंदूरहूनच घेतलं होतं. ते कुठे आहे, असं मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा विचारलं. काकूंनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. बाळकृष्णाशेजारी, डबीत.

"रोज हळदकुंकू लागतं त्याला," काकू म्हणाल्या. "कानाला तेवढं लागत नाही."

नानांचं म्हणणं असं की ते यंत्र सगळ्या आवाजांना एकाच मापाने मोजतं. कढईत झारा पडला तरी तेवढंच आणि गंधार लागला तरी तेवढंच. मी समजावलं की सवय व्हायला काही आठवडे लागतात, इंदूरला जाऊन ते दोनतीनदा जुळवून घ्यावं लागतं. ते म्हणाले, "काय? ऐकू आलं नाही."

दिवस तसे मजेत चालले होते. सगळी गल्ली त्यांच्याशी ओरडून बोलते, आणि नाना ऐकण्यापेक्षा सांगतात जास्त, त्यामुळे कुणाचं अडत नाही. फोनवर त्यांना काही कळत नाही, म्हणून मी फोन काकूंना करतो. गेल्या आठवड्यात केला तर पलीकडून कुणीतरी वेगळंच बोलतंय असं वाटलं. आवाज फाटलेला, मधेच तुटणारा.

"काकू, सर्दी झाली का?"

"सर्दी नाही रे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय. ओरडून ओरडून गळ्यात गाठी आल्यात म्हणे. त्यांनी विचारलं, क्लास फार घेता का? म्हटलं, क्लासने नाही बसला घसा, संसाराने बसलाय. चहा घेता का, हे दिवसातून दहादा खिडकीबाहेर जाईल इतक्या मोठ्याने विचारायचं. मुलींना सा दाखवते तर सा फुटतो."

"नानांना माहीत आहे?"

"नाही. सांगू नकोस. वाईट वाटेल त्यांना. मी सध्या क्लास बंद ठेवलाय, परीक्षा आहेत मुलींच्या असं सांगितलंय."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. नाना पोस्टाने आलेलं पत्र अजून चष्मा लावून, खुर्चीत नीट बसून वाचतात. त्याच दिवशी मी त्यांना हे पत्र टाकलं.

देवास

तीर्थस्वरूप नानांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सर्व ठीक आहोत. धाकटीचं इंजिन उघडलं होतं, आता छान चालतं. पॉवर हाउसच्या दोन्ही नव्या ऑपरेटरांचे कान तपासले, दोघांचे चांगले निघाले. भिया आता बोळे विसरत नाहीत, पण गाणं तसंच म्हणतात. माझेही कान शाबूत आहेत. तुम्ही मागून येऊन कानझाक दाबून बसवत होतात, ते हात मला अजून जाणवतात.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुम्हाला सांगू नये असं मला सांगण्यात आलं आहे, तरी सांगतो. काकूंचा घसा बसला आहे. सर्दी नाही. दिवसभर तुमच्याशी मोठ्याने बोलून त्यांच्या गळ्यात गाठी आल्या आहेत, आणि डॉक्टरांनी बोलायला मना केलं आहे. त्यांचा सा फुटतो. मुलींच्या परीक्षा नाहीत, क्लास त्यासाठी बंद आहे. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना हे माहीत असेल. कुणी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्हाला सगळे फार मानतात. मीही मानतो.

ते यंत्र तुम्हाला आवडत नाही. झारा पडला की दचकायला होतं, हे खरं आहे. पण काकू हळू बोलल्या तर त्या यंत्रातून तुम्हाला ऐकू येईल, आणि हळू बोलल्या तरच त्यांचा गळा बरा होईल. औषध यापेक्षा वेगळं नाही. गाण्यासाठी लावू नका. तंबोऱ्याला हात लावायचा की नाही ते पुढे बघू. आता फक्त चहा घेता का, एवढं हळू विचारलेलं ऐकू यावं, इतक्यासाठी लावा.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने धारला येतो आहे. यंत्र जुळवायला आपण दोघं इंदूरला जाऊ, वेळ ठरवून ठेवली आहे. काकूंना मी सांगणार आहे की बेल वाजली तरी उठायचं नाही. मी एकदा बेल वाजवीन आणि दारात उभा राहीन. कडी वाजवणार नाही, हाक मारणार नाही. दार तुम्ही उघडायचं आहे.

आपला,
आज्ञाधारक